धारूरच्या नऊ घरांचे माळवद

रंगनाथ मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट धारूरच्या किल्ल्याखाली, नऊ दगडी घरांच्या ओळीपुढे झाली. नऊ घरे, मधल्या सामाईक भिंती आठ. सरकारने ही जुनी घरे जतनासाठी राखीव केली होती. हुकमाशिवाय तिथला दगडही हलवायचा नव्हता. मी सरकारी नकाशानवीस, तिथल्या दुरुस्तीवर देखरेख माझी. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पण माझ्या नकाशात सुताचीही चूक सापडत नसे. मिस्त्रींनी तो शांतपणे पाहिला आणि विचारले, "साहेब, वरची माती किती हाय?"

ती मी मोजलीच नव्हती.

आपल्याकडे माळवद, म्हणजे घरावरचे मातीचे सपाट छत, गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर देतात. जुना कुणी काढत नाही. मिस्त्रींनी वर चढून पहार खुपसली. ती कमरेइतकी आत गेली.

"लई वजन झालंय. आजच काढाय पाहिजे, अन् नऊही घरांचं संगंच. न्हाईतर मधल्या भिंती एका अंगाला कलतील."

पाचव्या घरातल्या काशीबाई खालून ओरडल्या, "आन् गळलं तर? तुमी येता का माझ्या चुलीवर छत्री धरायला?"

"येतो की. भाकरी मातर गरम वाढा."

बाई हसल्या आणि स्वतःच टोपली घेऊन आल्या.

काम मी थांबवले. हुकूम नाही, असे बजावून बीडला अर्ज धाडला. जबाब येण्याआधी अवकाळी पाऊस आला, माती भिजून जड झाली आणि पाचवे घर बसले. काशीबाई आत होत्या. मिस्त्रींनी नखे फुटेपर्यंत माती उपसली. बाई सापडल्या, पण जीव राहिला नव्हता.

चौकशीच्या अंमलदारांनी विचारले, "काम बंद का ठेवले?" मी कागद चाळत राहिलो. मिस्त्री म्हणाले, "माझा अंदाज चुकला, हुजूर. वाटलं, टिकंल."

त्यांना सरकारी काम कायमचे बंद झाले. मला ते एवढेच म्हणाले, "तुमचा हात चालता ऱ्हावा. ह्या घरांचं माप दुसऱ्या कुणाला ठावं न्हाई." पुढे हुकूम आला, तेव्हा उरलेल्या आठ घरांची माती दुसऱ्याच मिस्त्रींनी काढली, पण रंगनाथ मिस्त्रींनी सांगितलेल्या रीतीनेच. धारूरात मात्र रंगनाथ मिस्त्रींना आजही 'घर पाडणारे' म्हणतात.

त्यांची साठ वर्षे पुरी होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थही आहे. त्यांना शेजारी बसवून हा लेख मला चावडीवर मोठ्याने वाचायचा आहे: काम मिस्त्रींनी नव्हे, मी थांबवले होते.