दाजींनी उघडलेला ॲम्प्लिफायर

बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणारी माणसं पुष्कळ असतात. आमच्या दाजींना चालू वस्तू दुरुस्त करायची हौस होती. घड्याळ वेळेवर चाललंय, पंखा गुपचूप फिरतोय, सायकलचं चाक सरळ आहे, हे त्यांना बघवत नसे. त्या वस्तूसमोर ते उकिडवे बसत, मान तिरकी करत आणि म्हणत, "उघडून बघू की. काय चावतंय व्हय?" हे वाक्य कानावर पडलं की घरातलं माणूस हातातलं काम टाकून धावत येई. तोवर पहिला स्क्रू निघालेला असे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कागलच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात ते टर्बाइनवर होते. राहायला मात्र कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. उसाचा हंगाम चालू असला की आम्ही सुखी असायचो. पाळी करून माणूस घरी येई आणि झोपे. गाळप संपलं की त्यांना दुपारनंतरचा वेळ मोकळा मिळे, आणि तो वेळ घेऊन ते थेट आमच्याकडे येत.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि एका हौशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. सत्तरच्या आसपासची गोष्ट. लग्न, साखरपुडे, गणपती, शाळांची संमेलनं असे आमचे कार्यक्रम. गिटारसाठी मी मुंबईहून एक स्वस्तातला ॲम्प्लिफायर मागवला होता. लाकडी खोकं, वर काळं रेक्झिन, आत जुन्या रेडिओत असतात तसे तीन काचेचे व्हॉल्व्ह आणि जेवणाच्या ताटलीएवढा स्पीकर. आवाज जरा डब्यात तोंड घालून गायल्यासारखा येई, पण येई. मला तेवढा पुरत होता.

दाजींना पुरला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तो ऐकला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ह्यो दबून बोलतोय. ह्याला जरा मोकळा कराय पायजे."

"दाजी, मला असाच पाहिजे."

"तुला काय कळतंय? तू वाजीवणारा. वाजीवणाऱ्याला कवा कळलंय?"

बहिणीचा नवरा म्हणजे आमच्या घरी देवाच्या खालोखाल. आईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि दाजींसाठी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत ॲम्प्लिफायरची मागची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

दाजींना वीज कळत होती. कारखान्याची, मोठाली, कडाडणारी वीज. खोक्यातल्या बारीक तारांचं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी वायर भिंतीतून काढली आणि निर्धास्तपणे आत हात घातला. व्हॉल्व्हच्या यंत्रातले मोठे कंडेन्सर वायर काढली तरी वीज धरून ठेवतात, हे त्यांना त्या क्षणी समजलं. ते मागे दिवाणावर फेकले गेले. आई किंचाळली. दाजी उठून बसले, कोपरापर्यंत हात चोळला आणि कौतुकानं म्हणाले, "चावतंय की!"

दुसरा कुणी असता तर थांबला असता. दाजींनी दुसऱ्या दिवसापासून शाहूपुरीतल्या एका रेडिओ मेकॅनिकच्या दुकानात स्टूल टाकलं. चाळिशीतला, भरघोस मिशांचा माणूस शाळकरी पोरासारखा तिथं बसून शिकू लागला. मेकॅनिकनं पहिला धडा दिला : चालू यंत्रात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. घरी दाजी पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यावर असत आणि लेंग्याला खिसा नव्हता. अक्कानं कपाळाला हात लावून तीन लेंग्यांना डाव्या बाजूला खिसे शिवले. पुढं सवय अशी जडली की दाजी जेवतानासुद्धा डावा हात खिशात घालून बसत.

आता रोज संध्याकाळी आमच्या माजघरात राळेचा धूर. मी कचेरीतून दमून यावं, तर दाजी खोक्यात डोकं घालून तारांना डाग देतायत. "इथं ह्यो बारका कंडेन्सर घातला. आता बघ, कसा टणटणीत वाजतोय." मी तार छेडायचो. आवाज टाचणीसारखा कानात घुसायचा.

"दाजी, फार कर्कश झालाय."

"कर्कश न्हवं, मोकळा झालाय."

"माझ्या दाढा दुखायला लागल्या."

"दाढा दाखव जा डॉक्टरला."

प्रत्येक आठवड्याला एक नवा बदल आणि प्रत्येक बदलानं आवाज आणखी पातळ. खर्ज तर कुठं पळून गेला ते कळेना. मी मागच्या मागे मेकॅनिकला भेटून आलो. तो म्हणाला, "मी सांगतो एक आणि ते घालत्यात दुसरंच. मी काय करू? मलाच म्हणत्यात, तुझं कान बघून घे." मी अक्काकडे तक्रार केली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझं खोकं हाय तवर माझं शिलाई मशीन वाचलंय. घे जरा सोसून."

सोसण्याचा शेवट कुरुंदवाडला झाला. मोठ्या घरचा साखरपुडा होता. दुपार कलल्यावर कार्यक्रम, मांडवात तीन-चारशे माणसं. आमचे म्होरके तात्या अकॉर्डियन वाजवत. माणूस शांत, पण सुराच्या बाबतीत कडक. आदल्या दिवशी मी दाजींना हात जोडून सांगितलं होतं, आता खोक्याला हात लावू नका. ते हो म्हणाले होते. मी छेडलेला पहिला सूर मांडवात घुसला आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम पदर कानांवर घेतले. कुणाच्या तरी मांडीवरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. मी बटणं फिरवली. आवाज कमी होईना, फक्त आणखी धारदार झाला. तात्यांनी भुवई वर करून खूण केली. मी ॲम्प्लिफायर बंद केला आणि दोन तास नुसता हात हलवत उभा राहिलो.

परतताना तात्या एवढंच म्हणाले, "सुरेश, पुढच्या कार्यक्रमाला आम्ही दुसरा गिटारवाला बघितलाय. तुझं यंत्र नीट झालं की ये."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षं वाजवत होतो. कचेरीत मी फायलींमागचा एक माणूस होतो. मंचावर उभा राहिलो की कुणीतरी होतो. दाजींना काय बोलायचं ते मी मनातल्या मनात घोकत राहिलो. बहिणीचा नवरा असो की कुणी असो.

दुसऱ्या दिवशी दुपारीच मी कचेरीतून निघालो. मी हात लावू नका म्हटल्यामुळे जोडायची एक तार राहून गेली होती, म्हणून दाजींनी सकाळीच ॲम्प्लिफायर आमच्याकडून त्यांच्या घरी नेला होता. गल्लीच्या तोंडाशीच मला ती ऐकू आली : एक बारीक, सलग, डोक्यात भोक पाडणारी शिट्टी. शेजारच्या दारात बायका कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. कुत्रं भुंकत होतं. मी कानात बोटं घालून आत शिरलो. अक्का स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, कानावर पदर दाबलेला. आणि त्या शिट्टीसमोर, हातभर अंतरावर, दाजी मांडी घालून शांतपणे बसले होते. डावा हात खिशात.

मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आलास? ये. खालची घूंघूं, ते हमिंग पार गेलं बघ. कसं गप बसलंय."

घोकलेलं सगळं तिथंच राहिलं. मी अक्काकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

"दाजी," मी ओरडलो, "शिट्टी वाजतीय!"

"कुठं?"

मी स्पीकरकडे बोट दाखवलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग अक्काच्या कानावरच्या पदराकडे. मग हळूच तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी बटण बंद केलं. शेजारचं कुत्रंही थांबलं.

"कवापासनं असं कर्कश वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासनं."

"मग बोलला का न्हाईस?"

"रोज बोलत होतो की, दाजी."

"व्हय," ते म्हणाले. "बोलत हुतास. मला वाटलं, मेव्हणा हाय, नाक मुरडणारच."

अठरा वर्षं ते टर्बाइनशेजारी उभे होते. त्या आवाजानं त्यांच्या कानातले बारीक, उंच सूर एकेक करून पुसून टाकले होते, आणि जे त्यांना ऐकू येत नव्हतं ते ते माझ्या खोक्यात भरत सुटले होते. अक्काला दोन वर्षांपासून शंका होती. कुकरची शिट्टी, दारावरची कडी, धाकट्या पोरीचं कुजबुजणं, काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. ती म्हणाली, "विचारलं असतं तर म्हणलं असतं, तूच हळू बोलतीस." मला राग यायला हवा होता तो आलाच. पण कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी ॲम्प्लिफायर तिथंच सोडून घरी गेलो.

तीन आठवडे दाजी आमच्याकडे फिरकले नाहीत. आईनं दोनदा विचारलं. चौथ्या आठवड्यात ते खोकं खांद्यावर घेऊन आले, काखेत एक वही. खोकं ठेवलं आणि म्हणाले, "आता डाग मी देणार, कान तुझं. आणि खरं बोलायचं. माझ्या तोंडाकडं बघून बोलायचं न्हाय."

मला वाटलं, छळ संपला. छळ आता सुरू झाला. दाजी एक कंडेन्सर बदलत आणि मला वाजवायला लावत. मी म्हणे, "बरा आहे." ते पेन्सिल आपटत. "बरा म्हंजी काय? जेवण बरं असतंय, तब्येत बरी असती. आवाज कसा हाय?" मग मी शब्द शोधायचो. खरखरीत. ओला. घट्ट. घोगरा. ते वहीत लिहून घेत, जुना भाग पुन्हा जोडत आणि विचारत, "आता?" एका भागाचे असे पाच-सहा फेरे. मी वैतागून एकदा न ऐकताच "गोड झाला" म्हणालो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं. "मी अजून बदललाच न्हाय," ते म्हणाले. "मेव्हण्या, मला फसवणं लई सोपं हाय. म्हणून तर फसवू नको."

त्यानंतर मी फसवलं नाही. दोन महिने रोज संध्याकाळी आम्ही भांडलो. शेजारी म्हणत, ह्यांच्या वाटणीचं काही बिनसलंय. पण माझा कान त्या दोन महिन्यांत तयार झाला. तोवर मी नुसता वाजवत होतो. काय वाजतंय ते दाजींनी मला ऐकायला लावलं.

कागलच्या एका शाळेच्या संमेलनात तात्यांनी मला पुन्हा घेतलं. पहिलं गाणं झाल्यावर ते अकॉर्डियनवरून वाकून म्हणाले, "नवा घेतलास?" मी म्हणालो, "नाही, तोच." दाजी पहिल्या रांगेत बसले होते, पण मंचाकडे पाठ फिरवून. खुर्चीवर उलटे बसून ते लोकांकडे बघत होते. कार्यक्रम संपल्यावर मी चिडलो. निदान बघायचं तरी! ते म्हणाले, "तुला बघून काय कळणार हुतं? लोकांची तोंडं बघत हुतो. चांगली हुती तोंडं."

पुढच्या हंगामाआधी त्यांनी कारखान्यात स्वतःहून कानाचं सांगितलं. त्यांना टर्बाइनवरून हलवून भांडारात बसवलं. त्यांना ते आवडलं नाही, पण ते भांडारातून रोज एकदा टर्बाइनवर चक्कर टाकून नव्या पोरांना कानात कापसाचे बोळे घालायला लावत. कुणी हसलं तर त्याचं गचुरं धरत. शाहूपुरीतला मेकॅनिक आता त्यांच्याकडे गिऱ्हाइकं धाडायचा. निपाणी, इचलकरंजीहून वाजवणारे स्वस्तातली खोकी घेऊन येत. दाजींची अट एकच : वाजवणाऱ्यानं स्वतः समोर बसायचं आणि खरं बोलायचं. पुष्कळ जण दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद होत.

ऐंशीच्या सुमारास माझी बदली नाशिकला झाली. येणं-जाणं सणापुरतं उरलं. दाजींचा कान दर वर्षी थोडा थोडा मिटत गेला. मी शेवटचा त्यांना भेटलो तेव्हा उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही पोचत असे. त्या दिवाळीत त्यांनी मला गिटार घेऊनच यायला सांगितलं होतं. एका गिऱ्हाइकाचं खोकं तयार होतं आणि वाजवून बघायचं होतं.

मी वाजवायला लागलो. दाजी थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, कसं वाजतंय?"

मला हसू आलं. अक्कानं उभ्या जन्मात गाण्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. ती पिठाचे हात घेऊनच बाहेर आली, जरा वेळ मान खाली घालून ऐकत उभी राहिली, मग त्यांच्या शेजारी टेकली आणि उजव्या कानाशी वाकली. "वरच्या तारा स्वच्छ हायत्या," ती मोठ्यानं म्हणाली. "खालची जाड तार जरा गुरगुरती. मधल्या दोन एकमेकीला धरून चालत्यात, बघा. आता सुरेश हळू आला. आता परत वर चढतोय."

दाजी डोळे मिटून मान डोलावत होते. मी थांबलो नाही. ती सांगत राहिली.