छोट्या लाइनची पिशवी

नागपुरातल्या आमच्या इतवारीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक खिळा आहे आणि त्यावर खाकी कापडाची एक पिशवी. तिला हात लावायचा नाही, असा आईचा हुकूम. एकदा मी तिच्यातून कांदे आणले, तर आईने दिवसभर अबोला धरला.

ही पिशवी छोट्या लाइनची. इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी ती नॅरोगेज गाडी इंग्रजांच्या काळातली. चढावर ती इतकी दमायची की माणसं उतरून चिंचा वेचायची आणि पुन्हा चढायची. भिवापूरच्या अलीकडे माझ्या मावशीचं गाव. तिथला थांबा म्हणजे एक टिनाचं शेड आणि एक चिंचेचं झाड. कुणी हात दाखवला की गाडी थांबे. मावशी गार्डाच्या हाती ही पिशवी द्यायची. त्यात कधी वांगी, कधी वाळवलेल्या मिरच्या. आई इतवारी स्टेशनवर जाऊन ती घ्यायची आणि पुढच्या गाडीने परत पाठवायची, पण रिकामी कधीच नाही.

मग मोठी लाइन करायची म्हणून छोटी बंद झाली. त्या वेळी पिशवी आमच्याकडे होती, आणि ती परत जाईल तर गाडीनेच, असं आईने ठरवून टाकलं.

पिशवीचं काय, ती मी कारने केव्हाही पोहोचवली असती. अडचण मावशीची होती. तिला बस लागते, आणि कारचं तर दार उघडलं तरी मळमळतं. आजी-आजोबा गेल्यावर थोरल्या बहिणीचं घर हेच तिचं माहेर, आणि छोटी गाडी बंद झाल्यापासून ती माहेरी आलेलीच नाही. मी आईला कारने नेतो, दोघी पोटभर भांडतात, पोटभर हसतात. पण परतताना आई खिडकीबाहेर पाहत दरवेळी तेच म्हणते, "मी येऊन गेली तं काय झालं गा? तिचं माहेर बंदच पडलं ना." मला राग येतो. एवढी गाडी हाकून आपली काही किंमतच नाही! मग वाईट वाटतं, कारण तिचं खरं असतं.

मधल्या काळात जुने रूळ निघाले, शेडवर वेली चढल्या. नवे रूळ पडले तेव्हा गावात बोलणं सुरू झालं की मोठी गाडी आपल्यासारख्या गावात कशाला थांबते? वळणापलीकडे फलाट बांधत होते, पण तो खाणींचा कोळसा भरण्यासाठी आहे, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मावशीने नागपूरला यायचा विषयच सोडला.

यंदा होळीच्या आधी निरोप आला की चाचणीचं इंजिन येणार. आईने पिशवी खिळ्यावरून काढली आणि तिच्यात संत्राबर्फीचा डबा भरला. मी चकित झालो.

"ही तर गाडीनेच पाठवायची होती ना?"

"गाडी थांबनच नाही तं ठेवून काय करू? तिची तिले देऊन टाकतो."

आईने आशा सोडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी कार बाहेर काढली.

सगळं गाव रुळाजवळ जमलं होतं. मावशी सर्वांच्या पुढे, चिंचेखाली. इंजिन दिसलं मात्र, तिने सवयीने हात वर केला. ते पाहून बाकीच्या म्हाताऱ्यांनीही केले! इंजिन भोंगा वाजवत धडाडत निघून गेलं.

"काहून नाही थांबला गा? पाह्यलं नाही का त्यानं मले?" मावशी माझ्यावरच उखडली.

तिथे उभा असलेला कामावरचा मुकादम हसायला लागला. "आजी, आता हात दाखवून गाडी थांबत नाही. फलाटावर यावं लागते. सकाळीच पाटी लावली, पाहून तर या."

आम्ही वळणापलीकडे गेलो. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव होतं. मावशीने ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझा हात धरून ती फलाटावर चढली आणि वरून इतवारीच्या दिशेला पाहत राहिली. "केवढा उंच केला वं बाई," एवढंच ती आईला म्हणाली. आई पदराने डोळे पुसत होती आणि माझेही काही कोरडे नव्हते.

घरी आल्यावर मावशीने पिशवीतली बर्फी काढून घेतली आणि आत गेली. आली तेव्हा पिशवीत तिचं हिरवं लुगडं होतं, घडी घातलेलं.

"ने वं बाई. आल्यावर नेसाले पाहिजे ना मले."

परतताना आईने खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती मला समोरच्या खोलीतला पलंग खिडकीपाशी सरकवायला सांगत होती, कारण मावशीला वाऱ्याशिवाय झोप येत नाही.