पाळण्याखालचा पिंजरा

थोरल्या मुलीच्या पाळण्याखाली मी भाकरीचा तुकडा अडकवून पिंजरा लावला होता. खोलीत उंदरांचा वास यायचा आणि पाळण्यापाशी तो जास्तच असायचा. पिंजऱ्यात काही सापडलं नाही. वास तिच्या लंगोटांना होता, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

ती गोरीपान होती, केस मक्याच्या कणसातल्या धाग्यांसारखे पिंगट. आम्ही नवराबायको दोघंही सावळे. शेजारीण म्हणायची, मडमीन उतरली तुमच्या घरी. आई रोज दृष्ट काढायची आणि रंग टिकावा म्हणून वरचं दूध पाजायची. मला अभिमान वाटायचा. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी; मीच आग्रहानं मागून घेतलेली.

दहा महिने झाले तरी पोर बसेना. तेव्हा मी खामगावला कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक होतो. एकदा चहाच्या वेळी आमचे प्राध्यापक विदेशी मासिकातलं वाचून सांगत होते. शरीर हजारो प्रथिनं बनवतं. त्यातल्या एखाद्याची कृतीच आईकडून आणि बापाकडूनही बिघडल्या रूपात आली, तर दूध-डाळीतला एक घटक शरीराला वापरता येत नाही. तो रक्तात साठतो आणि घडत असलेला मेंदू नासवतो. त्यानं अंगाचा, केसांचा रंगही नीट चढत नाही, म्हणून अशी मुलं बऱ्याचदा गोरी असतात, लघवीला उंदरांसारखा वास येतो, आणि तिच्यात फेरिक क्लोराइड टाकलं की हिरवा रंग येतो. नात्यातल्या लग्नांत हे जास्त आढळतं.

फेरिक क्लोराइडची बाटली माझ्याच फळीवर होती. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी ते द्रावण मीच करायचो. त्या दिवशी मी बाटली खाली घेतली, पुसली आणि परत ठेवून दिली. काही मुलं उशिरा बसतात, असं स्वतःला सांगितलं. हिरवा रंग दिसला असता तर मामाला कोणत्या तोंडानं भेटलो असतो?

अशी दोन वर्षं काढली. थोरली तीन वर्षांची होत आली तरी चालेना, बोलेना. मग धाकटी जन्मली. तीही उजळच.

परक्याच्या मुलीची गोष्ट असल्यासारखं करून मी प्राध्यापकांना विचारलं. सहा आठवड्यांच्या आत ही परीक्षा फसू शकते, ते म्हणाले. ते सहा आठवडे मी बाळाचे लंगोट लपून हुंगायचो. बायको तिला पाजायला घ्यायची तेव्हा माझ्याच्यानं समोर बसवत नसे. मी अंगणात जाऊन उभा राहायचो.

सातव्या आठवड्यातल्या रविवारी मी बाटली पिशवीतून घरी आणली आणि बायकोला काय पाहायचं ते सांगितलं. तिनंच दोन ओले लंगोट परातीत मांडले. मी थोरलीच्या लंगोटावर थेंब टाकला. क्षणात गर्द हिरवा डाग पसरला. बायकोनं परातीची कड धरली.

धाकटीच्या लंगोटावर थेंब पडला. पिवळा.

"आणखी टाका," ती म्हणाली.

दुसरा टाकला, तिसरा टाकला. पिवळाच राहिला. दारात उभी असलेली आई "सुटली माय" म्हणत खाली बसली. बायको मात्र बाटलीकडे पाहत होती. कॉलेजची जुनी चिठ्ठी होती तिच्यावर, माझ्या अक्षरातली.

"हे शिशी कवापासून आहे तुमच्यापाशी?"

"लग्नाआधीपासून."

"अन् हे हिरवं होते, हे कवापासून माहीत होतं?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं थोरलीपुढचा दुधाचा पेला उचलला आणि चुलीवर साबुदाण्याची पेज ठेवली.

प्राध्यापकांना विचारून थोरलीचं दूध, डाळ आम्ही जवळजवळ तोडलं. हळूहळू वास कमी झाला. ती पुढे चालायला लागली. बोल मात्र आले नाहीत. काही महिन्यांनी एका सकाळी तिची वेणी घालताना बायकोनं मला हाक मारली आणि भांग दोन बोटांनी फाकवून दाखवला. मुळाशी केस काळे येत होते.

"पाहून घ्या," ती म्हणाली, आणि वेणी घालत राहिली.