वहिनीसोबत खोऱ्यात

आई यवतमाळला माझ्याकडे राहायला आली तेव्हा आमच्या कॉलनीमागच्या नाल्याकाठी सिमेंटचा सपाट रस्ता नुकताच झाला होता. रोज संध्याकाळी मी तिला तिथे फिरायला न्यायची. आधी घसरगुंड्यांचा बगीचा लागतो, मग बाकड्यांचा, आणि तिथून रस्ता दोन टेकड्यांमधल्या खोऱ्यात शिरतो. दोन्हीकडे काळा खडक, खाली पाणी, शेवटी लहानसा पूल. कुठे चढ नाही की पायरी नाही. तरी आई दुसऱ्या बगीच्याच्या फाटकाशी थांबायची.

"बस झालं बाई. पाय भरून आले."

मी लगेच मागे फिरायची. तिला पुढचं जमत नाही, हे मीच पक्कं करून टाकलं होतं.

फाल्गुनात माझा पाय मुरगळला. भाऊ वणीला खाणीत नोकरीला. त्याची बायको पंधरा दिवस घर सांभाळायला आली. तिसऱ्या दिवशी ती आईला फिरायला घेऊन गेली. आमची फेरी अर्ध्या तासाची, त्या दोघींना दीड तास लागला. हसतच घरात शिरल्या. आईच्या हातात पळसाची फुलं होती.

"खोऱ्यात लय फुलला हाये पळस," आई म्हणाली.

"तू खोऱ्यात गेलती?"

"हो, पुलापर्यंत."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी उशीवरचा पाय हलवला, कळ आणली आणि कण्हले. वहिनी धावत तेल घेऊन आली. ती पाय चोळत होती आणि मला तिचा राग येत होता.

मग हे रोजचंच झालं. कधी पाण्यात पाय सोडून बसल्या, कधी कुणाशी बोलत उभ्या राहिल्या. आई मला सगळं सांगायची आणि मी मोबाइलमध्ये बघत "हं" म्हणायची. दोन वर्षं मी कॉलेजच्या ऑफिसातून धावत घरी येत होते ते हिच्यासाठीच, आणि हिला वणीहून पाहुणी आलेली सून लागली पुढे न्यायला!

एका सकाळी स्वयंपाकघरात मी वहिनीला म्हटलं, "आईला फार चालवू नका. डॉक्टरनं मनाई केली आहे."

डॉक्टर तसं काहीच बोलले नव्हते.

"मले मालूम नव्हतं, ताई," वहिनी घाबरून म्हणाली. त्या संध्याकाळी दोघी फाटकावरूनच परतल्या. आई चपला काढून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"डॉक्टरनं कवा सांगितलं?"

मी पायाखालची उशी सारखी करू लागले. वहिनी दारातच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चहा ठेवते म्हणून आत गेली. वणीला परत जाईपर्यंत तिनं तो विषय काढला नाही. तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ती वणीच्या एसटीत बसली, माझा पाय बरा झाला, तेव्हा मी आईला घेऊन निघाले. फाटकाशी आले आणि विचारूनच टाकलं, "माझ्यासंगं काहून येत नव्हती पुढं?"

"तू घड्याळ पाह्यत चालते. फाटकाशी आली का तोंड घराकडं करते. मंग मीच म्हणो, पाय भरले."

"आणि वहिनी?"

"ते बसू देते. मी बोलून राह्यली तं उठत नाही."

मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. खोऱ्यात शिरलो. आई तीनदा बसली, मीही बसले. पुलावर वारा चांगला होता. कठड्याला टेकून आई सांगू लागली, वहिनी इथं काय बोलली, कशाला हसली, पाण्यातला मासा तिनं कसा दाखवला. मी मान हलवत ऐकत होते. मासा मलाही दिसत होता. आईला तो मी दाखवायला हवा होता, एवढंच मनात येत होतं.

पोटात दुखायचं थांबलं नव्हतं. पण मी तिला "चल" म्हटलं नाही.