नाना, मी आणि पंचवीस किलोमीटर

चौथ्या किलोमीटरच्या दगडावर नाना बसले आणि उठायलाच तयार होईनात. मी जीपमधून उतरलो. ते घामाने चिंब झाले होते. पायातले कॅनव्हासचे बूट त्यांनी काढून बाजूला ठेवले होते.

"साहेब, हाई मनाकडथीन व्हवाव नही," नाना म्हणाले.

"होणार नाही म्हणजे काय, नाना? अजून एकवीस किलोमीटर आहेत."

"म्हनूनच तं सांगस."

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा शिरपूरकडे रेंजर होतो. रेंजर म्हणजे वनखात्याच्या एका परिक्षेत्राचा प्रमुख. माझ्या हाताखाली बरेच गार्ड होते आणि त्यांच्यात नाना सगळ्यात जुने. वय पंचेचाळीसच्या पुढे. त्यांना वनपाल व्हायची संधी आली होती. वनपाल म्हणजे गार्डच्या वरची पायरी. पण त्यासाठी आधी ट्रेनिंग आणि ट्रेनिंगच्या आधी चालण्याची चाचणी. चार तासांत पंचवीस किलोमीटर.

ऐकायला हे सोपं वाटतं. आपण बाजारात जातो त्या चालीने चाललं तर चार तासांत सोळा-सतरा किलोमीटर होतात. पंचवीससाठी पहिल्या पावलापासून झपाझप चालावं लागतं आणि शेवटपर्यंत तसंच. नाना गेली दहा वर्षं नर्सरीवर होते. सागाची, कडुलिंबाची रोपं पिशव्यांत भरायची, त्यांना पाणी द्यायचं, नोंदी ठेवायच्या. तिथे चालणं कमी आणि बसणं जास्त. त्यात घरी वाढताना त्यांच्या बायकोचा, सुमनअक्कांचा, हात सैल. पोट सुटलं होतं.

मी माझ्या परीने प्रयत्न केले. पगार वाढेल म्हणालो, मान वाढेल म्हणालो. कागदावर टाइमटेबल लिहून दिलं. नानांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

आठवड्याने धुळ्याहून डी.एफ.ओ. साहेबांचा, म्हणजे विभागीय वनाधिकाऱ्यांचा, फोन आला.

"तुमच्या त्या सीनियर गार्डचं काय? नाव पाठवताय की नाही?"

"दोन दिवस द्या, सर."

"जमत नसेल तर त्यांच्याकडून नकार लिहून घ्या. वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटची संधी आहे, तेही सांगा."

मी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी नाना लिहिलेला नकार घेऊनच हजर झाले. अक्षर सुंदर होतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि त्यांना बसायला सांगितलं.

"नाना, खरं कारण सांगा. पाय दुखतात की मन नाही?"

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मग म्हणाले, "साहेब, एकेकाळी बठ्ठं जंगल मना पायखाल व्हतं. ही नवी पोरं मना हाताखाली शिकली. आता त्यांच्यासमोर मी रस्त्यात बसलो तर? त्यापेक्षा गेलोच नाही, हे बरं."

आता मला कळलं. नानांना चालण्याची भीती नव्हती. हसं होण्याची होती. आणि मी त्यांच्या मागे जीप लावून तीच भीती रोज वाढवत होतो.

"उद्या पहाटे कुणी नसेल," मी म्हणालो. "फक्त मी."

"जीपमधून नको, साहेब."

"पायी येतो."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, स्वतःला धडधाकट समजत होतो. पहाटे कापसाच्या बैलगाड्यांच्या कडेने आम्ही निघालो. दुसऱ्या किलोमीटरला माझं बोलणं बंद झालं. तिसऱ्याला पोटात कळ आली. चौथ्या दगडावर मी मटकन बसलो. छाती भात्यासारखी चालली होती.

नाना माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनाही धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"साहेब, तुम्ही तर पार बिघडेल शेतस!" मी, आणि पार बिघडलेला!

त्या दिवसापासून आमच्या कामांची अदलाबदल झाली. रोज पहाटे नाना माझ्या क्वार्टरचं दार वाजवू लागले. "उठा साहेब, दगड वाट पाहत आहेत." मी कंटाळा केला तर ओट्यावर बसून राहायचे. रात्री भात कमी खा, पाणी घोट घोट प्या, टाच आधी टेका, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. मला शिकवता शिकवता त्यांना जंगलातली जुनी चाल आठवली. सहा, मग नऊ, मग चौदा किलोमीटर. मला दमवायला ते स्वतः पुढे चालायचे. अक्कांनी एकदा मला गाठून सांगितलं, "साहेब, हे आता नऊ वाजताच झोपतात. घरात बोलायला माणूस नाही उरला." तक्रार होती, पण चेहऱ्यावर हसू होतं.

नकाराचा कागद मी त्या पहिल्या पहाटेनंतरच फाडला होता. नाव त्याच दिवशी धुळ्याला पाठवलं होतं.

चाचणीला अकरा जण होते. साडेबारा किलोमीटर जाऊन परत यायचं. तरुण पोरं सुरुवातीला जवळजवळ पळाली. नाना शेवटी होते. मी टाइमकीपरजवळ उभा होतो. दोन पोरं पायात गोळे येऊन जीपमधून परतली. तीन तास झाले, साडेतीन झाले. नानांचा पत्ता नव्हता.

मग वळणावर त्यांची टोपी दिसली. चाल तीच, टाच आधी. तीन तास त्रेपन्न मिनिटं. सात मिनिटं शिल्लक.

डी.एफ.ओ. साहेबांनी हात पुढे केला. नानांनी तो हातात घेतला खरा, पण नजर माझ्याकडे होती.

"साहेब, आज तुमचं चालणं बुडलं."

नाना ट्रेनिंगला गेले, वनपाल झाले, दुसऱ्या रेंजला बदलून गेले. ते गेल्यावर पाचव्या दिवशी माझं चालणं बंद पडलं. दार वाजवणारं कुणी नव्हतं.

पुढे दरवर्षी चाचणीच्या यादीत कुणी ना कुणी घाबरलेला असायचा. मी त्याला भाषण दिलं नाही की टाइमटेबल दिलं नाही. एक जोडीदार दिला. त्याच्याहून पक्का नाही, त्याच्याहून कच्चा. असा माणूस शोधायला मला कधी लांब जावं लागलं नाही. बहुतेक वेळा तो मीच असायचो.