न मापलेला जॉब

“हात लाव की. चावत न्हाई ती.” नव्या पोराला मशीनपुढे उभं करून तो हेच म्हणायचा, आणि पोरानं हात लावेपर्यंत जागचा हलायचा नाही.

आयटीआयतले मास्तर तुम्ही पाहिले असतील: मास्तर टपरीवर, पोरं वाऱ्यावर. हा फिटरचा मास्तर तसा नव्हता. शहागडहून पहिल्या एसटीनं यायचा आणि प्रत्येकाचा जॉब, म्हणजे कानशीनं घासून केलेला लोखंडी तुकडा, स्वतः मापायचा. पोरं वैतागायची. शेजारच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये मी मास्तर. माझी नोकरी मामाच्या ओळखीनं लागलेली.

तू का मास्तर झालास, असं त्याला एकदा विचारलं. “मुलाखतीत सांगितलं, पोरं घडवायचीत. खरं म्हणशील तर त्याच्या खुर्चीत बसायचं होतं.”

त्याच्या म्हणजे आमच्या जुन्या सरांच्या. आम्ही दोघं एकाच बॅचचे. परीक्षेत सरांनी याचं बौद्ध वस्तीतलं आडनाव वाचलं आणि जॉब न मापताच भंगारात फेकला. “तुम्हाला सवलती हायेत की, मेहनत कशाला?” लगेच माझा वाकडा जॉब पास केला, सरांचं शेत आमच्या बांधाला लागून होतं. मी गप्प बसलो. त्याचं वर्ष गेलं.

गेल्या साली सरांचा नातू याच्याच वर्गात आला. परीक्षेच्या दिवशी सर शब्द टाकायला हजर. मीही माझ्या शेडमधून येऊन तिथं बसलो होतो. म्हातारा सापडला, म्हणून मला उकळ्या फुटत होत्या. यानं नातवाचा जॉब त्यांच्या डोळ्यांदेखत तीनदा मापला.

“अर्धा मिलिमीटर कमी हाय. नापास. पण मापून नापास केला, सर. माझा तुम्ही मापला न्हाई.”

“तुमचा? कोणता?”

सरांना खरंच आठवत नव्हतं. ज्या माणसावर एवढी वर्षं डूख धरला, त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. यानं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.

“सर, मी होतो तिथं. माझा जॉब वाकडा होता. तुम्ही पास केला.”

सर मान खाली घालून निघून गेले. आता हा माझ्या पाठीवर थाप मारील, असं मला वाटलं. तो मापायचा व्हर्नियर पुसत राहिला.

“लई जल्दी बोललास रे, इतक्या वर्षांनी,” तो म्हणाला.

महिन्याभरात त्यानं ती खुर्ची सोडली, बदली मागून घेतली. मी फोन करतो. तो उचलत नाही.