दिन्याची मुकी गाडी

किस्से काही कोणी ठरवून साठवत नाही. बर्फातल्या मासळीसारखं असतं ते. वरची चार उचलली की वाटतं टोपली संपली, आणि बर्फ जरा वितळला की खालून आणखी निघतात. आमच्या दिन्याने नवी गाडी आणली त्याला अजून वर्षसुद्धा झालं नाही, तेवढ्यात माझी टोपली भरली. लोक ऐकून हसतात. हसा बापडे! मी मात्र यातला एकही किस्सा घडताना हसले नाही.

आधी माणसं सांगते. दिन्या म्हणजे दिनेश, माझा मुलगा. टुरिस्ट गाडी चालवतो. एअरपोर्टची भाडी, लग्नाची भाडी. सुजाता माझी सून, त्यांना एक पोरगी. हिराबाय शेजारीण, चाळीस वर्षं माझ्या बाजूला बसून अंधेरीच्या बाजारात मासळी विकलेली. आणि आमचा म्हातारा, माझा नवरा. त्याला सगळा वेसावा कोळीवाडा नाखवा म्हणतो, कारण आमची होडी होती तेव्हा ती चालवणारा नाखवा तोच. काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले. पण कान असे, की लांब पाण्यावर मशीन वाजली की हा ओट्यावर बसून सांगणार, कोणाची होडी येतेय.

रोज संध्याकाळी पाचला तो काठी घेऊन बंदरावरच्या बाकड्यावर जातो. एकटा. एकशे चाळीस पावलं. कोणी हात धरलेला चालत नाही. "ज्या दिवशी हात धरून न्यायची पाळी येईल ना गो," म्हणतो, "त्या दिवशी चौघांना बोलव, खांद्यावरूनच न्या."

गल्ली आमची एवढीशी. गाडी आली की माणसाने कोणाच्या तरी ओट्याला चिकटायचं. जुनी डिझेल गाडी होती तोवर काही भीती नव्हती. ती बर्फवाल्याच्या कोपऱ्यापासून खोकत यायची आणि तिच्याहून मोठ्या आवाजात दिन्याच्या शिव्या. स्कूटरवाल्याला, कुत्र्याला, खड्ड्याला. म्हातारा ओट्याला चिकटायचा आणि मी चहा ठेवायचे. "हॉर्न तर सगळेच मारतात," म्हातारा म्हणायचा. "दिन्या ओळखायचा तो मशीनवरून आणि शिव्यांवरून!"

मग ही हायब्रिड आली. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. हळू चालली की नुसती बॅटरीवर. आवाज? आमच्या फ्रिजएवढा!

*

पूजेच्या दिवशीची गोष्ट. हार घातला, हळदकुंकू लावलं, म्हाताऱ्याच्या हाताने नारळ फोडला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. म्हाताऱ्याला मी बाजूला घेतलं, ओट्याला टेकवून उभं केलं. होडी पहिल्यांदा पाण्यात ढकलताना उभा राहायचा तसा ताठ उभा, कान गाडीकडे लावलेले.

दिन्या आत बसला. आम्ही सगळे वाट बघतोय, आता मशीन चालू होईल. फच्च! लिंबू फुटलं. गाडी चालू लागलेली! म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या बाहीला आरसा घासता घासता राहिला, आणि गाडी पुढे जाऊन थांबलीसुद्धा.

म्हातारा तसाच उभा. दोन मिनिटांनी वैतागून म्हणाला, "अरे, चालू कर ना रे! मुहूर्त टळल्यावर करतोस काय?"

गल्ली हसून हसून लोळली. मी चाकाखालच्या त्या लिंबाकडे बघत होते. त्याचं सालसुद्धा ओळखू येत नव्हतं.

*

घाटकोपरला हळद होती. मी आणि हिराबाय नटूनथटून मागे बसलो. अंगावर सोनं, डोक्यात वेणी. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर सिग्नल लागला आणि गाडी एकदम गप्प. ना थरथर, ना धुगधुग.

"मेली गो!" हिराबाय म्हणाली.

आता जुन्या गाडीची आम्हाला सवय. ती सिग्नलला मरायचीच, आणि धक्का मारायला आम्हीच. दिन्या कानात ते बोंडूक घालून गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता. त्याला काय विचारायचं? दोघी दोन दारांनी उतरलो, पदर खोचले आणि मागून लावला जोर. "हैऽया! हैऽया!" अगदी होडी ओढतात तसं.

आणि गाडी गेली! सिग्नल सुटला होता. दिन्याला वाटलं आम्ही आतच आहोत. आमचे हात तसेच पुढे, मागे शंभर गाड्या भोंगे मारतायत, दोन्हीकडून ट्रक. माझे पाय रस्त्याला चिकटले. मी हिराबायचं मनगट एवढं घट्ट धरलं की तिच्या बांगडीचा वळ माझ्या हातावर आठ दिवस होता.

हवालदार धावत आला. "मावशी, काय करताय रस्त्यात?"

हिराबाय ताठ मानेने म्हणाली, "गाडीला धक्का मारतोय!"

त्याने पुढे बघितलं, मागे बघितलं. म्हणाला, "कुठल्या?"

*

दिन्याचा राग सगळ्यांना ठाऊक. स्टिअरिंगवर हात पडला की याच्या अंगात यायचं. कोणी आडवं आलं की काच खाली आणि तोंड सुरू. गल्लीत आईवरची शिवी द्यायची झाली तर मात्र काच वर करायचा, ओट्यावर मी बसलेली असायचे म्हणून.

नव्या गाडीत त्याच्या समोर एक पडदा आहे. पायाखालचं हळू दाबलं की हिरवा पट्टा, जोरात दाबलं की पट्टा पळाला. "आये, लांबूनच हळू ब्रेक मारला की बॅटरी भरते," मला समजावतो. झालं! माणूस दिवसभर तो हिरवा पट्टा जपत बसायला लागला. पुढे सिग्नल दिसला की हा इथूनच पाय उचलतो. मागचे भोंगे मारतात, हा हसतो.

एकदा बोरीवलीला माझ्या बहिणीकडे निघालो होतो. हायवेला एक रिक्षा सरळ आमच्या तोंडावर घुसली. मी डोळे मिटले. सुजाताने पोरीच्या कानांवर हात ठेवले. आम्ही शिव्यांची वाट बघतोय, बघतोय... काहीच नाही.

मी डोळे उघडले तर दिन्या शांतपणे म्हणतोय, "जाऊ दे. त्याला घाई असेल."

सुजाता घाबरली. बहिणीच्या स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आई, यांना काहीतरी झालंय. घरीसुद्धा ओरडत नाहीत. परवा भाजी खारट झाली, तर म्हणाले, चालतंय. डॉक्टरला दाखवू या?"

मी घरी येऊन आधी मीठमोहरीने दृष्ट काढली. मग हिराबायला विचारलं. चाळीस वर्षांची मैत्रीण, धीर देईल म्हणून!

हिराबायने हातातली मासळी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझा नवरा गेला ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात असाच गोड बोलायला लागला होता."

*

मुलुंडच्या लग्नाचं थोडक्यात सांगते. मे महिना. एसी लावला की तो पट्टा खाली जातो म्हणून वेसाव्यापासून मुलुंडपर्यंत एसी बंद. हॉलच्या दारात आम्ही उतरलो तर नवरीच्या मामाने टॉवेलच आणून दिला. म्हणाला, "समुद्रातून आलात काय?"

*

हिराबायने पुढे हसणं सोडलं, तेही सांगते. ती ओट्याखाली गल्लीकडे पाठ करून कोळंबी सोलत बसली होती. दिन्या मागून आला. भोंगा मारायची सवय सुटलेली. ती उठेल म्हणून हा बसलाय वाट बघत, शांत. हिराबाय मान वळवून बघते तर नंबरप्लेट नाकासमोर! किंकाळी फोडली आणि हातातलं ताट सरळ बॉनेटवर. अर्धा किलो कोळंबी काचेवर.

दिन्याने वायपर चालू केला.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या बायका मासळी साफ करायला बसल्या की तोंड गल्लीकडे करून बसतात. कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही. सगळ्या आपोआप फिरल्या. मला मात्र एकच विचार. बायकांनी तोंड फिरवलं, म्हाताऱ्याने काय फिरवायचं?

*

मी दिन्याच्या मागे लागले. "गाडीला आवाज बसव."

"आये, हळू असताना ती करते ना बारीक आवाज."

"तो बाहेर बर्फाचं मशीन चालू असताना ऐकून दाखव!"

शेवटी मी माळ्यावरून आमच्या होडीची पितळी घंटा काढली. माझ्या समाधानासाठी दिन्याने ती मागच्या बंपरला बांधली. मी निश्चिंत. संध्याकाळी गाडी टिणटिण करत गल्लीत शिरली, तशी घराघरातून पोरं धावत सुटली. गाडीला गराडा! "काका, कुल्फी! काका, मला पिस्ता!"

म्हातारा ओट्यावर बसलेला. कान टवकारून म्हणाला, "कुल्फीवाला आलाय गो. माझ्यासाठी मलई घे."

दुसऱ्या दिवशी घंटा माळ्यावर.

*

हा किस्सा मी कोणाला सांगत नाही. पण याच्याशिवाय पुढचा कळायचा नाही.

पाच वाजले होते. बर्फवाल्याचं मशीन घरघरत होतं. तिथेच गल्लीला वळण आहे. म्हातारा भिंतीच्या कडेने चाललेला, मी ओट्यावर बोंबील साफ करतेय, नजर त्याच्या पाठीवर. कोपऱ्यावर कोणीतरी जाळ्यांचा ढीग टाकलेला. त्याची काठी ढिगाला लागली, म्हणून तो भिंत सोडून मधे आला. आणि वळणावरून ती गाडी. मुकी.

मी ओरडले. ओरडले असणार, घसा नंतर दुखत होता. पण मशीनपुढे माझं मलाच ऐकू आलं नाही. कोयता हातात तसाच.

गाडी थांबली. म्हाताऱ्याच्या काठीचं खालचं टोक चाकाखाली गेलं होतं. तुटली. वरचा अर्धा तुकडा हातात धरून तो उभा, आणि गाडी त्याच्यापासून वीतभर.

"कोण हाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

दिन्या दार उघडं टाकून उतरला. बर्फवाल्याने मशीन बंद केलं.

"कोण हाय रे?"

"बाबा... मी."

म्हाताऱ्याने काठीचं मोडकं टोक चाचपलं. मग म्हणाला, "तू आलास, आणि मला कळलं नाय."

एवढंच. मी त्याला हात धरून घरी आणलं, आणि त्याने आणू दिलं. त्याने हात काढून घेतला असता तर बरं वाटलं असतं मला.

*

त्यानंतर म्हातारा बाहेर पडला नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. दिन्याने नवी काठी आणली, ती दाराआड उभी. पाच वाजले की म्हातारा खाटेवर उठून बसायचा, अंगात सदरा घालायचा, आणि परत काढायचा. मी विचारलं, "जायचं ना?" तर म्हणाला, "आता नको गो. कान गेले माझे."

दिन्या बापासमोर येईना. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत यायचा. तिथे लावू देत नाहीत, रोज भांडण. हा भांडायचासुद्धा नाही, नुसतं "हो साहेब" म्हणायचा. सुजाता म्हणाली, "आई, गाडी विकायची म्हणतायत." मी रात्रभर देवाशी बोलले. दोघांना एकदम आजारी पाडू नको, म्हटलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. म्हातारा खाटेवर, सदरा घालून. एवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून आरडाओरडा सुरू झाला. शिव्या! अशातशा नाहीत. खड्ड्याला, स्कूटरला, त्या स्कूटरवाल्याच्या सात पिढ्यांना. बर्फाचं मशीन चालू असूनही ऐकू येत होत्या.

हिराबाय कोयता घेऊनच धावली. "कोण कोणाला मारतंय गो?" सुजाता धावली, मी धावले. बघतो तर गल्लीत कोणी नाही. ना स्कूटर, ना कुत्रं. फक्त दिन्याची गाडी मुंगीच्या पायांनी येतेय. चारी काचा खाली. दिन्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा देवळात बसल्यासारखा शांत, समोरचा पट्टा हिरवागार, आणि तोंडातून एकामागून एक शिवी. त्यातली एक तर थेट माझ्यावरची, तीसुद्धा काच वर न करता!

"अहो, पोरगी ऐकतेय!" सुजाता ओरडली. दिन्याने तिच्याकडे बघितलं नाही. पुढची शिवी आणखी मोठ्याने.

मी मागे वळले. म्हातारा दारात येऊन उभा होता. मान तिरकी, कान गल्लीकडे, पाण्यावरची मशीन ऐकायचा तसा.

"चहा ठेव गो," म्हणाला. "दिन्या बर्फवाल्याच्या कोपऱ्यावर आलाय. आणि ती काठी कुठं ठेवलीस?"